कागदाच्या पाण्याचा हिशेब

केंद्र सरकारच्या पर्यावरणविषयक नियमांनी मोठ्या कागद गिरण्यांना एके काळी टनभर कागदामागे २०० घनमीटर सांडपाणी बाहेर सोडण्याची मुभा दिली होती. सरकारी पत्रकात हा आकडा वाचताना मनावर काहीच उमटत नाही. म्हणून तो जरा आपल्या टेबलावर आणून पाहू. कचेरीत आणि घरी आपण वापरतो तो ए-४ आकाराचा, चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा कागद घेतला, तर ५०० कागदांच्या रिमाचे वजन अडीच किलो भरते. म्हणजे एका टनात ४०० रिमे, आणि ४०० रिमांत दोन लाख कागद. २०० घनमीटर म्हणजे दोन लाख लिटर. त्रैराशिक इतके सरळ क्वचितच सुटते : एका कागदामागे एक लिटर सांडपाणी. अर्जात एक अक्षर चुकले म्हणून आपण कागद चुरगाळून टोपलीत टाकतो, तेव्हा त्याच्याबरोबर कोणत्या तरी नदीच्या नशिबी आलेले एक लिटर पाणीही आपण हिशेबातून पुसून टाकीत असतो.

आज सर्व गिरण्या इतके पाणी सोडतात असे आम्ही म्हणत नाही. २००३ साली केंद्र सरकार आणि कारखानदार यांच्यात पर्यावरणरक्षणाची जी सनद ठरली, तिच्यात १९९२ पूर्वीच्या मोठ्या गिरण्यांनी सांडपाणी प्रथम टनामागे १४० व नंतर १२० घनमीटरवर आणावे, आणि १९९२ नंतरच्या गिरण्यांनी ते १०० च्या आत ठेवावे, असे बंधन घालण्यात आले. त्यानंतर बऱ्याच गिरण्यांनी त्याहूनही खाली मजल मारली आहे. परंतु युरोपात याच जातीचा, म्हणजे लाकडाच्या रासायनिक लगद्याचा शुभ्र कागदमाल करणाऱ्या चांगल्या गिरण्यांची मोजपट्टी २५ ते ५० घनमीटर अशी आहे. आणि रद्दीपासून शाई न काढता पुठ्ठा व वेष्टनाचा कागद करणाऱ्या गिरण्यांची तर दीड ते दहा. यात कोणताही चमत्कार नाही. तोच लगदा, तेच यंत्र आणि तेच रसायनशास्त्र आहे. फरक आहे तो पाणी मोजण्याच्या सवयीचा, आणि ते मोजावयास लावणाऱ्या कायद्याचा.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारातला आहे. वर्धेच्या काठी बल्लारपूर येथे १९४५ साली कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली, त्या वेळी चांद्याच्या रानातील बांबू आणि नदीचे पाणी ही दोन्ही अखंड मानली जात होती. आज बांबूचा हिशेब वनखाते ठेवते. पाण्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा? राज्याच्या इतर भागांत रद्दीवर चालणाऱ्या लहानमोठ्या गिरण्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळ अशा नद्यांच्या काठी आहेत ज्यांच्या पात्रात मे महिन्यात गुडघाभर पाणी उरत नाही. दिवसाला १०० टन कागद करणारी गिरणी टनामागे १०० घनमीटर पाणी घेत असेल तर तिला रोज एक कोटी लिटर पाणी लागते. शहरातील माणसी १३५ लिटर हे प्रमाण धरले तर चौऱ्याहत्तर हजार लोकवस्तीच्या गावाचे ते पाणी होय. तीच गिरणी ५० घनमीटरवर आली तर सदतीस हजार माणसांचे पाणी नदीतच राहील. नवे धरण न बांधता आणि एकही गाव न उठवता मिळणारे असे पाणी दुसरे कोठे आहे, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

कागदाला इतके पाणी का लागते, हे समजून घेतल्याशिवाय गिरणीमालकावर तोंडसुख घेणे अन्यायाचे होईल. कागद पाण्यातच जन्मतो. हे आजचे नव्हे. दौलताबादेजवळचे कागझीपुरा, जुन्नर, पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही जुन्या कागदी लोकांची ठिकाणे पाण्याच्या आश्रयाने वाढली ती याच कारणाने. लाकडाचा, चिपाडाचा किंवा रद्दीचा तंतू पाण्यात मोकळा करावयाचा, आणि ते पातळ मिश्रण धावत्या जाळीवर समप्रमाणात पसरावयाचे. या मिश्रणात शंभर किलोंमागे तंतू असतो अवघा अर्धा ते एक किलो. बाकी सारे पाणी. त्याहून दाट केले तर तंतूंच्या गाठी होतात आणि कागद ढगाळ उतरतो. जाळीतून पाणी गळते, दाबाच्या रुळांतून पिळले जाते, आणि उरलेले वाफेने तापविलेल्या सिलिंडरांवर उडून जाते. पाणी जसजसे निघून जाते तसतसे तंतू एकमेकांना बिलगतात, आणि त्या बिलगण्यासच आपण कागद म्हणतो.

म्हणजे टनभर कागदासाठी जाळीवर शंभर ते दोनशे टन पाणी येते, हे खरे. परंतु त्यातील वाफ होऊन आकाशात जाते ते केवळ टन-सव्वा टन! बाकीचे सर्व पाणी जाळीखालच्या हौदात जसेच्या तसे शिल्लक असते. त्यात बारीक तंतू आणि चुनखडीचे कण असल्यामुळे ते दुधी दिसते, व गिरणीतील लोक त्यास पांढरे पाणी म्हणतात. हे पांढरे पाणी गाळून पुन्हा लगद्यात घालावयाचे की नाल्यात सोडून नदीतून ताजे ओढावयाचे, एवढाच मूळ प्रश्न आहे. नदीचे पाणी जोवर जवळपास फुकट मिळत होते तोवर दुसरा मार्ग सोपा होता, आणि सोपा होता म्हणूनच तो रूढ झाला.

पाणी वाचविण्याचे उपाय कोणा परदेशी तज्ज्ञास विचारावयाची गरज नाही. सहारनपूर येथे १९८० सालापासून या धंद्याची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे, आणि तेथील माणसे हे उपाय जाणतात. पांढऱ्या पाण्यातील तंतू चकतीच्या गाळण्यांनी धरून ठेवले तर पाणीही वाचते आणि मालही वाचतो, कारण नाल्यात गेलेला तंतू म्हणजे नाल्यात गेलेला कागदच. जाळी आणि फेल्ट धुण्याच्या फवाऱ्यांस ताज्या पाण्याऐवजी गाळलेले पाणी देता येते. निर्वात पंपांचे आणि यंत्रे थंड करण्याचे पाणी मुळात स्वच्छच असते. ते मैल्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या नळाने परत फिरविले की झाले. आमच्याकडील कित्येक कारखान्यांत, कागदाचे असोत की अन्य कसले, हे स्वच्छ पाणी आणि घाण पाणी एकाच गटारात पडते, आणि मग त्या साऱ्याच्या शुद्धीकरणासाठी मोठाले हौद बांधले जातात. घरात चहाचे कप विसळलेले पाणी आणि मोरीचे पाणी एकत्र करून दोन्ही उकळावयास ठेवणाऱ्या गृहिणीस आपण काय म्हणू?

लगदा धुण्याच्या कामात तर काटकसर आणखी मोठी आहे. शेवटच्या धुण्याचे जवळजवळ निर्मळ पाणी त्याच्या आधीच्या धुण्यास, त्याचे त्याआधीच्या धुण्यास, असे उलट दिशेने पाणी फिरविले की एकाच पाण्यात चार धुणी निघतात. लाकूड शिजविल्यावर जो काळा द्राव उरतो, त्यात लाकडाचे लिग्निन आणि गिरणीचा सोडा दोन्ही असतात. तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळला की वाफ मिळते आणि सोडा परत येतो. मोठ्या गिरण्या हे करतात. विरंजनापूर्वी प्राणवायूचा उपयोग करून लिग्निनचा बराच भाग काढून टाकला तर पुढे क्लोरिनयुक्त रसायन कमी लागते, आणि ते पाणी मागे फिरवून त्याच बॉयलरकडे नेता येते. १९८० च्या दशकात कागद गिरण्यांच्या विरंजनाच्या पाण्यात डायॉक्सिनसारखी विषे आढळली, तेव्हा जगभर शुद्ध क्लोरिनची हकालपट्टी सुरू झाली. भीतीने सुरू झालेल्या त्या सुधारणेने पाण्याचीही बचत केली.

आता आम्हांस जे मुख्यतः म्हणावयाचे आहे त्याकडे वळू. आपल्याकडे सांडपाण्याची परीक्षा होते ती प्रामुख्याने बाटलीत. निरीक्षक येतो, नाल्याच्या तोंडाशी बाटली भरतो, आणि प्रयोगशाळा सांगते की लिटरमागे मळ किती मिलिग्रॅम. हा मळ कुजताना पाण्यातील किती प्राणवायू खातो यावरून तो मोजतात, आणि नदीत सोडावयाच्या पाण्यात ही भूक लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर असू नये असा दंडक आहे. दंडक चांगला आहे. पण तो एकटा सोडला तर काय होते ते पाहा. समजा, एक गिरणी टनामागे १२० घनमीटर पाणी सोडते आणि तिच्या बाटलीत २५ मिलिग्रॅम निघतात. ती उत्तीर्ण झाली. दुसरी गिरणी काटकसर करून ५० घनमीटरच सोडते, आणि तिच्या बाटलीत ४० मिलिग्रॅम निघतात. ती नापास. परंतु गुणाकार करून पाहा : पहिलीने नदीत टनामागे तीन किलो मळ टाकला आहे, आणि दुसरीने दोन किलो. नदीला बाटली ठाऊक नसते, तिला किलो ठाऊक असतात. कमी घाण करणारी आणि निम्म्याहून कमी पाणी पिणारी गिरणी आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि दुसरी सन्मानाने मोकळी!

गणिताच्या पेपरात असे गुण देणाऱ्या परीक्षकास आम्ही शाळेत असताना तरी फेरतपासणीस बोलाविले असते. सरकारी नियमात टनामागे किती पाणी सोडावे याचीही मर्यादा आहे, हे आम्ही वर सांगितलेच आहे. पण बाटली क्षणात भरते, आणि चोवीस तासांचा प्रवाह व त्याच दिवसाचे उत्पादन पडताळून पाहणे कष्टाचे असते. जे तपासावयास सोपे तेच तपासले जाते. मग पाणी कमी करणाऱ्या व्यवस्थापकास त्याचा मालक विचारणार की, बाबा रे, हा उपद्व्याप कशासाठी? लिग्निनचा तांबूस-काळा रंग जंतूंना सहज पचत नाही. पाणी निम्मे केले की तो डोळ्यांना दुप्पट गडद दिसतो, आणि काठावरच्या गावकऱ्यास वाटते की गिरणी पूर्वीपेक्षा अधिक घाण सोडू लागली. त्याचा दोष नाही. त्याला किलोंचा आकडा कोणी दाखविलेलाच नसतो.

म्हणून आमची मागणी अशी की, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कागद गिरण्यांच्या परवान्यात टनामागे पाणी किती घ्यावयाचे आणि टनामागे मळ किती किलो सोडावयाचा, हे दोन आकडे मुख्य धरावेत, आणि बाटलीचा आकडा त्यांच्या पाठीशी ठेवावा. हे मंडळ १९७० साली, केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा होण्याच्याही चार वर्षे आधी, याच राज्याने स्वतःच्या कायद्याने स्थापन केले, याचा अभिमान आम्हांस आहे. त्या मंडळाने याही बाबतीत दिल्लीची वाट पाहू नये. गंगेच्या खोऱ्यातील कागद गिरण्यांसाठी केंद्रीय मंडळाने २०१२ साली पाण्याच्या पुनर्वापराची स्वतंत्र सनद काढली, आणि २०१५ साली ती अधिक कडक केली. गोदावरी, भीमा आणि कृष्णा यांच्या काठच्या गिरण्यांना त्याहून सैल मोजपट्टी असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

दुसऱ्या टोकाचे मतही आम्ही तितक्याच स्पष्टपणे नाकारतो. गिरणीबाहेर एक थेंबही पडता कामा नये, अशी घोषणा ऐकावयास गोड आहे. कॅनडात मेडो लेक येथे १९९२ पासून चालणाऱ्या लगद्याच्या कारखान्याने ती प्रत्यक्षात आणली. पण तेथे विरंजनास क्लोरिन वापरीत नाहीत, आणि सारे पाणी आटविण्याचा खर्च पत्करावा लागतो. जर्मनीत झ्युल्पिश येथे रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद करणाऱ्या गिरणीने पाण्याचे वर्तुळ पूर्ण मिटविले, पण फिरत्या पाण्यातच जंतूंच्या साहाय्याने शुद्धीची सोय करावी लागली. कारण वर्तुळ मिटले की मीठ साचते, नळ्यांत चुन्याचे थर बसतात, हौदांत बुळबुळीत शेवाळी थर धरतो आणि कागदाला आंबूस वास येऊ लागतो. पांढऱ्या कागदाच्या गिरणीत विरंजनातील क्षार सोड्याच्या बॉयलरकडे गेले तर तो बॉयलरच खातात. खोक्यांच्या कागदास जे साधते ते वहीच्या कागदास लगेच साधेल असे नाही. ते बळेच मागितले तर शून्य मिळेल, पण कागदोपत्री. आणि उरलेले पाणी रात्रीच्या अंधारात कोणत्या ओढ्यात जाईल, हे त्या ओढ्याकाठच्या विहिरींनाच कळेल. खोट्या शून्यापेक्षा खरे चाळीस आम्हांस केव्हाही पसंत आहेत.

गिरणीवाल्यांचे गाऱ्हाणे आहे की, आग्नेय आशियातून करमुक्त कागद येतो, भाव पडतात, मग नव्या यंत्रसामग्रीस पैसा आणावा कोठून? हे गाऱ्हाणे पोकळ नाही. पण पाणी कमी वापरले की ते ओढण्याची वीज, तापविण्याचा कोळसा आणि शुद्ध करण्याचा खर्च हे तिन्ही कमी होतात, आणि तंतू परत मिळतो तो वेगळाच. लहान गिरण्यांचा इतिहास मात्र विसरू नये. १९७० च्या दशकात देशात कागदाची टंचाई पडली तेव्हा सरकारनेच अबकारी करात सवलती देऊन गव्हाचे काड, तनस आणि चिपाड वापरणाऱ्या छोट्या गिरण्या उभ्या करविल्या. काडातील वालुकेमुळे त्यांना काळा द्राव जाळून सोडा परत मिळविणे कठीण आणि महाग होते, आणि तो द्राव वर्षानुवर्षे ओढ्यानाल्यांत गेला. ज्या सरकारने टंचाईपायी त्यांना या धंद्यात आणले, त्याने पाणी वाचविण्याच्या यंत्रांस स्वस्त कर्ज देऊन त्यांना या अडचणीतून बाहेर काढावे. केवळ टाळे ठोकून मोकळे होऊ नये.

टाळे ठोकण्याचे फळ काय असते हे केरळात चालियार नदीच्या काठी दिसले आहे. मावूर येथील रेयॉनच्या लगद्याचा कारखाना १९६३ साली सुरू झाला आणि २००१ साली कायमचा बंद पडला. मधल्या काळात नदीकाठची माणसे पाण्यासाठी व श्वासासाठी झगडत होती, आणि कामगार आपल्या भाकरीसाठी, गाव दुभंगले. नदी सुटली, पण हजारो घरांची चूल विझली. वेळीच पाण्याचा हिशेब मागितला असता तर या दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध उभे राहावे लागले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. याच्या उलट तामिळनाडूत कागितपुरम येथे राज्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गिरणीने साखर कारखान्यांचे चिपाड वापरून कागद केला, चिपाड धुतलेल्या पाण्यापासून गॅस निर्माण केला, आणि शुद्ध केलेले सांडपाणी आसपासच्या शेतीस दिले. शेतीस दिलेल्या पाण्यातील मीठ जमिनीत साचते, म्हणून त्यावरही नजर ठेवावी लागते. पण उसाचे चिपाड ज्या राज्यात डोंगरासारखे रचले जाते, त्या महाराष्ट्राने हे उदाहरण निदान जाऊन पाहावयास हरकत नव्हती.

आणि आपण वाचक? आम्हीही कागदाचेच गिऱ्हाईक आहोत. हे पत्र ज्या कागदावर छापले जाते तो करडा असतो, आणि अक्षरे त्यामुळे कमी वाचली गेल्याची तक्रार आमच्याकडे आलेली नाही. परंतु मुलाची वही मात्र आपल्याला दुधासारखी शुभ्र हवी असते. दुकानदार दोन वह्या पुढे ठेवतो, आणि आपला हात आपोआप अधिक पांढरीकडे जातो. ती शेवटची शुभ्रता काढण्यासाठीच विरंजनाचे आणखी टप्पे, आणखी धुणे आणि आणखी पाणी लागते. किंचित पिवळसर कागदावर बीजगणित कमी सुटते, असे आम्हांस शिक्षकी पेशातील इतक्या वर्षांत कधी आढळले नाही. उलट, दिव्याखाली तो डोळ्यांना सुखाचाच वाटतो.

पण गिऱ्हाइकांच्या सद्बुद्धीवर सारे सोपविणे व्यवहार्य नाही. राज्यातील सर्वांत मोठी कागद-खरेदी एकेकट्या पालकाची नसते. ती सरकारी मुद्रणालयांची, विद्यापीठांची आणि १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीची असते. त्यांच्या निविदांत कागदाचे वजन, जाडी आणि शुभ्रता यांचे आकडे काटेकोर दिलेले असतात. त्यांत आणखी एक रकाना घालावा : हा कागद करताना टनामागे किती घनमीटर पाणी घेतले आणि टनामागे किती किलो मळ सोडला. शुभ्रतेची अट थोडी खाली आणावी, आणि भाव सारखे पडल्यास कमी पाण्याचा कागद घ्यावा. हे आकडे गिरणीकडे नाहीत असे कोणी सांगू नये; २०१४ साली केंद्रीय मंडळाने कागदासह सतरा प्रकारच्या कारखान्यांना सांडपाण्यावर अखंड चालणारी मोजणीयंत्रे बसविण्याचा आदेश दिला आहे. ते आकडे मंडळाच्या संगणकापर्यंत जातात. ते नदीकाठच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत आणि टनांच्या हिशेबाने, दरमहा लिहिले जावेत, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

पाठ्यपुस्तकांच्या कागदाची पुढील निविदा निघेल, तेव्हा तिच्यात हा रकाना आहे की नाही हे आम्ही पाहणार आहोत, आणि नसल्यास तो का नाही, हे संबंधित खात्यास याच स्तंभातून विचारणार आहोत.